धुंडीगुरूंचा ब्रेक

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून सायकलवर बसून जाऊ म्हणणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर त्याला भांग चढलेली असते. तिथं सायकल हातात धरून चालायचं. पायऱ्या आल्या की ती उचलायची, सांड आडवा बसला असेल तर त्याची मर्जी होईपर्यंत उभं राहायचं, आणि असं करत करत मैदागिनची सडक लागली की मग कुठे टांग मारायची. ढुंढिराज पुराणिक हे रोज करतात. पासष्टी उलटली, तरी सायकल सोडायचं नाव नाही. मोहल्ल्यात त्यांना धुंडीगुरू म्हणतात. तसं काशीत पानवाल्यापासून नावाड्यापर्यंत ज्याला त्याला गुरू म्हणतातच, पण यांना म्हणताना त्यात थोडा खरा आदरही असतो, कारण गुरू घनपाठी आहेत.

आता घनपाठ म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. ऋचा सरळ म्हणणं निराळं. घनात शब्द, म्हणजे पदं, पुढे जातात, मागे फिरतात आणि पुन्हा पुढे जातात. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दोनापासून पुन्हा तसंच, असं सूक्त संपेपर्यंत. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी काढलेली ही युक्ती. गुरू ती वडिलांसमोर मांडी घालून शिकले, पण मोठेपणी मांडी घातली की त्यांना डुलकी लागायची. म्हणून रोजची उजळणी आली सायकलवर. शब्द पुढे गेले की पाय पुढे, शब्द मागे फिरले की पाय मागे. साध्या सायकलला उलटं पेडल मारलं तर काही होत नाही, मागच्या चाकात नुसतं टर्रर्र वाजतं. त्या टर्रर्रच्या साथीवर गुरूंचा पाठ चाळीस वर्षं चालला आहे.

पाठ चालू असला की गुरूंचे डोळे उघडे असतात, पण ते बघत काही नसतात. सडक कुठेतरी खालून वाहत राहते. दुधाचे कॅन, गेंद्याच्या माळांच्या टोपल्या, शाळेच्या रिक्शा, सगळं त्यांच्या अंगावरून पाण्यासारखं निघून जातं. विश्वेश्वरगंजच्या मंडीत एकदा ते अख्ख्या बँडबाजाच्या मधून पार झाले आणि घरी येऊन म्हणाले, आज सडक फार शांत होती. आता बोला! लोकच त्यांना वाट देतात. गुरूंची सायकल आली की ई-रिक्शावाले शिव्या अर्ध्यावर गिळतात.

रविवार मात्र लीलाबाईंचा. लीलाबाई म्हणजे गुरूंची बायको. माहेर ब्रह्माघाट, सासर दुर्गाघाट, म्हणजे जन्मभरात गल्ली बदलली ती एवढीच. त्या गल्ल्यांत आभाळ दिसतं ते दोन भिंतींच्या मधल्या चिंधीएवढं. लग्न झाल्यावर पहिल्याच थंडीत त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "मला एकदा पुरतं आभाळ दाखवा." नवऱ्यानं त्यांना कॅरियरवर बसवलं आणि बीएचयूच्या, म्हणजे हिंदू विद्यापीठाच्या, आवारात नेलं. तिथले रुंद रस्ते, दोहो बाजूंची आंब्याची झाडं, वर मोकळं आभाळ. लीलाबाई झाडाला टेकून मान दुखेपर्यंत वर बघत बसल्या. तेव्हापासून दर रविवारी पहाटे हा नेम झाला. मैदागिन, चौक, बांसफाटकाचा उतार, गोदौलिया, सोनारपुरा, विद्यापीठाच्या दारातली लंका. मग झाडाखाली थरमासातला चहा, थोडं आभाळ, आणि ऊन चढायच्या आत घरी. 

कॅरियरच्या सळया टोचतात म्हणून लीलाबाईंनी जुन्या लुगड्यांची एक जाड गादी शिवली होती, निळी, चारी कोपऱ्यांना बंद लावलेली. एका बाजूला पाय सोडून त्या बसायच्या, डावा हात गुरूंच्या कमरेला आणि डोकं पाठीला टेकलेलं. पाठीतून पाठ ऐकू यायचा. शब्द मागे फिरले की गुरूंचे पाय मोकळे व्हायचे, सायकल किंचित ढिली पडायची, पुन्हा पुढे निघायची. लीलाबाईंना त्यात अर्धवट झोप लागायची, पण हात सुटायचा नाही. अशी ही दोन माणसं पहाटेच्या धुक्यातून जाताना बघितली की बघणारालाही पेंग यायची.

आणि मग गेल्या जानेवारीत ते पडले.

धुकं इतकं होतं की चौकातल्या दुकानांच्या पाट्या दिसत नव्हत्या. गुरूंची सायकल जुन्या घाटणीची, दांडीच्या ब्रेकची. हँडलखालची दांडी दाबली की लोखंडी सळया ओढल्या जातात आणि रबराचे गुटके चाकाच्या रिमला आतून जाऊन टेकतात. कोरड्या दिवशी ते बरं चालतं. पण रिम दंवानं भिजलेली असली की रबर नुसतं घसरतं. बांसफाटकाच्या उताराला सायकल लागली ती नेहमीपेक्षा जोरातच. गुरूंनी दांडी दाबली, आणखी दाबली, आणि सायकल आपली चाललीच आहे! शेवटी एका चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन आदळली. गुरूंना खरचटलं. लीलाबाईंचं डावं मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघेपर्यंत होळी आली. लीलाबाईंनी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच गुरूंना खायला उठलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं. हात बरा झाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "निघायचं का गं?" त्या म्हणाल्या, "आज राहू दे, गुडघा धरलाय." पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी एकादशी नसताना उपास निघाला. मग एके दिवशी गुरूंना दिसलं की निळी गादी कॅरियरवर नाही. ती स्वयंपाकघरातल्या वेताच्या मोढ्यावर होती, आणि तिच्यावर बसून लीलाबाई परवल चिरत होत्या. गुरू उगाच पाणी प्यायला आलो असं दाखवून परत फिरले. गल्लीत येऊन सायकलपाशी उभे राहिले तेव्हा त्यांना सरळ सरळ रडू आलं. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला दागिना केला नव्हता की दूरच्या यात्रेला नेलं नव्हतं. दिलं होतं ते एवढंच, रविवारचं आभाळ, आणि तेही आता गेलं होतं.

बायको घाबरली आहे, आणि घाबरली आहे ती ब्रेकला. म्हणजे असा ब्रेक शोधायला हवा की ती आपण होऊन गादी बांधेल. एवढं ठरवून गुरू नन्हकू मिस्त्रीकडे गेले. नन्हकूचं दुकान मैदागिनला, कंपनी बागेच्या अंगाला. माणूस हुन्नरी, पण चिडका. गुरूंनी त्याला ब्रेकची परीक्षा कशी घ्यायची ते समजावून सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"गुरू, सबेरे-सबेरे भांग छान के आए हो क्या?"

परीक्षा अशी होती. कॅरियरवर गव्हाचं पोतं बांधायचं, लीलाबाईंच्या वजनाचं. पोत्यावर पितळी लोटा, गंगाजलानं काठोकाठ भरलेला. मग सायकल वेगात आणून ब्रेक दाबायचा. थांबायला किती मात्रा लागतात ते गुरू मनात मोजणार. ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक मात्रा, आणि हे मोजमाप गुरूंच्या अंगात भिनलेलं, त्यात चूक होणे नाही. हे झालं ब्रेकचं बळ. आणि लोट्यातलं पाणी किती सांडलं त्यावरून कळणार त्याचा स्वभाव. कारण थांबणं नुसतं पुढे बसलेल्याचं नसतं ना, मागे बसलेल्यालाही ते सोसावं लागतं.

आता पोत्याचं वजन नेमकं हवं म्हणून गुरू चक्कीवाल्याकडे गेले, आणि त्यानं विचारल्यावर भोळेपणानं कारणही सांगून बसले. संध्याकाळपर्यंत ते ब्रह्माघाटापर्यंत पोचलं.

"माझं वजन चक्कीवर सांगून आलात?" लीलाबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं.

"अंदाजानं सांगितलं गं."

"अंदाज तरी धड करायचा होतात. ती ब्रह्माघाटची जमनाबाई मला म्हणते, लीला, तू एवढी कधी झालीस?" वरण वाढताना त्यांना हसू आलं ते त्यांनी पदरात लपवलं. गुरूंना ते दिसलं आणि त्यांना दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवसापासून मैदागिनला तमाशा सुरू झाला. पहिल्यांदा त्याच जुन्या दांडीच्या ब्रेकला नवे गुटके बसवले. सायकल थांबली, पण किती आढेवेढे घेत! दांडी दाबल्यावर ती जणू विचार करते, थांबू का, बरं थांबते. अख्खा श्लोक होईल इतक्या मात्रा गेल्या. पण लोट्यातलं पाणी नुसतं हललं, सांडलं नाही. गुरू हळवे झाले. मग नन्हकूनं रिमवर मुद्दाम बादलीभर पाणी मारलं आणि म्हणाला, आता या. आता आले ते थांबलेच नाहीत, नन्हकूच्या स्टुलापर्यंत गेले. नन्हकूनं वेळीच पाय वर घेतले म्हणून बरं.

मग आला तारेचा ब्रेक. चाकाच्या दोन्ही बाजूंनी चिमटा काढणारा, शाळेतल्या पोरांच्या सायकलींना असतो तो. हा निम्म्या वेळात थांबवायचा. पण थांबवताना अडखळायचा, आणि दर अडखळण्यासरशी लोट्यातून एक घोट पाणी पोत्यावर पडायचं. शिवाय त्याला बोटांची ताकद लागते. गुरूंच्या बोटांची पेरं गेल्या दोन थंड्यांत सुजून आलेली. पहिल्यांदा दाबला तेव्हा ठीक, तिसऱ्यांदा दाबताना बोटं उघडीच राहिली. त्याहून तगडा एक व्ही ब्रेक नन्हकूनं काढून दाखवला, लांब हातांचा. तो बोटांना हलका होता खरा, पण जरा जास्त दाबला की चाक जागीच धरायचा. गुरू म्हणाले, "हा चावतो रे."

रोज सकाळी पोतं आणि लोटा बघून येणारेजाणारे हात जोडायला लागले. कुणाला वाटलं गुरू गंगाजल घेऊन कुठल्याशा संकल्पाला निघालेत. एका म्हातारीनं तर ओंजळ पुढे केली. गुरूंनीही तिला दोन थेंब दिले आणि लगेच लोटा पुन्हा काठोकाठ भरायला नळावर गेले.

"गंगाजल में नल का पानी?" नन्हकू म्हणाला.

"मिसळलं की तेही गंगाजलच," गुरू म्हणाले आणि टांग मारून निघाले.

बातमी कस्तुरीपर्यंत गेली. कस्तुरी लीलाबाईंच्या बहिणीची मुलगी, बीएचयूत शिकवते, लंकेला राहते, मराठीत सुरू झालेलं वाक्य तिचं हिंदीत संपतं. ती आपली डिस्क ब्रेकची सायकल घेऊनच आली. "काका, हे घ्या. एका बोटानं दाबायचा, बस. बारिश हो, कीचड हो, काही फरक पडत नाही." चाकाच्या मध्यावर स्टीलची चकती आणि तिला धरणारा चिमटा. तिच्या सायकलला कॅरियर नव्हतं, ते नन्हकूनं कुरकुरत बसवलं. गुरू वेगात आले आणि एका बोटानं दाबला. एक मात्रा! सायकल जागच्या जागी. गुरू हँडलवर, पोतं गुरूंवर, आणि लोटा जो उडाला तो थेट पानाच्या गादीवर. पानवाला चुन्यासकट पावन झाला.

कस्तुरी पोट धरून हसली. "पॉवर हवी होती ना काका?"

"पॉवर पुष्कळ आहे," गुरू पाठ चोळत म्हणाले, "पण मागच्याला काही विचारतच नाही गं हा. तुझी मौशी यावर बसली तर पहिल्याच सिग्नलला माहेरी जाईल."

हळूहळू दाबायला शिकता येतं हो, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. पण गुरूंच्या बोटांना हळू आणि जोरात यातला फरक कळेनासा झाला होता, आणि तो दोष काही ब्रेकचा नव्हता. त्या दिवशी ते सायकल हातात धरूनच घरी आले. लीलाबाई त्याच गादीवर बसल्या होत्या. "मिळाला का ब्रेक?" त्यांनी विचारलं. गुरूंनी मान हलवली. त्यांना वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, आता पुरे. पण त्या म्हणाल्या, "पोत्यातले गहू भिजलेत सगळे. उन्हात टाका आधी."

चार दिवसांनी कस्तुरी पुन्हा आली ती एक जुनं चाक घेऊन. अस्सी घाटाला सतार शिकायला आलेली एक जर्मन मुलगी आपली सायकल तिच्याकडे टाकून परत गेली होती. त्या सायकलला ना दांडी ना तार. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे मधल्या हबातच, दडलेला. उलटं पेडल मारलं की तो लागतो. हात लावायचं कामच नाही, आणि तुंब्याच्या आत असल्यानं पाणी लागायची भीती नाही. नन्हकूनं तो तुंबा सोडवला, गुरूंच्या जुन्याच रिमवर तारा नव्यानं विणल्या, दोन दिवस शिव्या देत खपला आणि सायकल उभी केली. सायकल तीच, कॅरियर तेच, फक्त पोटात नवा ब्रेक.

गुरू पोतं आणि लोटा घेऊन वेगात आले. पाय हळूच मागे दाबले. सायकल मंद होत होत अगदी नन्हकूपुढे थांबली, आणि लोट्यातलं पाणी काठाशी आलं, थरथरलं आणि तिथंच राहिलं. भिजवलेल्या रिमवर पुन्हा केलं. तेच. जितकं दाबाल तितकंच थांबणार, जास्त नाही की कमी नाही. गुरूंनी पेडलला नमस्कार केला. नन्हकूसुद्धा हसला, आणि नन्हकू हसला म्हणजे झालंच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू एका यजमानाकडे रुद्र म्हणायला निघाले. हवा छान होती, मन हलकं होतं, मैदागिनला चार रस्ते मिळतात त्या चौमुहानीवर येता येता पाठ आपोआप सुरू झाला. एक-दोन. आणि शब्द मागे फिरले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय मागे फिरले, आणि भर चौमुहानीत सायकल खाडकन उभी! मागून ई-रिक्शा येऊन टेकली. गुरू दचकले, सॉरी म्हणाले, निघाले. एक-दोन-तीन. तीन-दोन-एक. पुन्हा खाडकन! शिपाई शिटी वाजवत आला. "क्या हुआ गुरू, तबियत ठीक है?"

"तबियत ठीक है, शब्द लौट गया," गुरू म्हणाले.

शिपायानं त्यांना हाताला धरून कडेला नेलं.

तिथं कडेला उभं राहून गुरूंना सगळं उमगलं. शब्द फिरले की पाय फिरणार. ते त्यांच्या हातात नव्हतं, म्हणजे पायातही नव्हतं. शब्द सरळ आणि पाय सरळ असा प्रयत्न त्यांनी करून पाहिला, तर शब्दच तुटले. तोंड बंद ठेवून चालवली, तर सायकल मऊ लोण्यासारखी चालायची आणि थांबायची, पण सडक अचानक सडक झाली. हॉर्न ऐकू यायला लागले, खड्डे दिसायला लागले, पान थुंकणारे दिसायला लागले. चाळीस वर्षं ज्या गावातून ते झोपेत चालल्यासारखे हिंडले होते ते गाव इतकं कर्कश आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांचं ठरलं. लीलाबाई तुळशीपाशी दिवा लावून आल्या तेव्हा ते म्हणाले, "अगं, ब्रेक मिळालाय. थेंबभर पाणी सांडत नाही. पण शब्द मागे फिरले की तो लागतो, म्हणून मी सायकलवर पाठ म्हणणार नाही. एक अक्षर नाही. तोंड मिटून, डोळे उघडे ठेवून चालवीन. तू उद्या बसशील का?"

लीलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळून आत गेल्या. गुरूंना वाटलं, संपलं. पण सकाळी ते गल्लीत सायकलपाशी आले तेव्हा लीलाबाई पायरीवर बसून कॅरियरवर निळ्या गादीचे बंद बांधत होत्या. डाव्या मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून एक गाठ त्यांनी दातांनी ओढली.

मैदागिनला त्या बसल्या. सडक रिकामी होती, गंगेकडून येणाऱ्या वाऱ्यात थोडा गारवा होता. गुरू तोंड मिटून पेडल मारत होते. कोतवालीपर्यंतही गेले नसतील, तोच पाठीवर बोट टोचलं.

"थांबवा."

गुरूंनी पाय मागे दाबले, सायकल अलगद थांबली. "काय झालं? भीती वाटली?"

"पाठ का म्हणत नाही?"

"सांगितलं ना काल. शब्द फिरले की ब्रेक लागतो. तू घाबरशील."

"मी कशाला घाबरू? कुठे लागणार ते मला ठाऊक नाही का?" लीलाबाई खाली उतरल्या. "चाळीस वर्षं तुमच्या पाठीला कान लावून बसलेय मी. मला कुणी शिकवलं नाही, शिकवणारही नव्हतं. पण तुमचे शब्द कुठे फिरतात ते मला माझ्या श्वासासारखं ठाऊक आहे हो. फिरले की तुमची पाठ ढिली पडते. दर रविवारी मैदागिनहून तुम्ही एकच सूक्त धरता, म्हणून त्या बांसफाटकाच्या तोंडाशी तर नेमकं तेच पद येतं. तिथं शब्द मागे फिरतात, सायकल हळू होते, मग मी दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि मग उतार लागतो."

"मग त्या दिवशी?"

लीलाबाईंनी पदर सारखा केला. डोळे भरून आले होते ते लपवले नाहीत. "त्या दिवशी तुम्ही फिरलाच नाहीत. मागे यायचे शब्द गाळून सरळ पुढे गेलात. सायकल हळू झालीच नाही. मी धरायच्या आत उतार लागला होता. ब्रेकचं काय, तो भिजला होता, भिजतोच. पण तुमचं पद कधी गळलं नव्हतं."

गुरू सायकलवरून खाली उतरले.

"मामंजींचंही असंच एका पदापासून सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी नवी सून होते. आधी एक पद, मग एक ऋचा, आणि शेवटी ओसरीवर बसून नुसते बघत राहायचे. मला ब्रेकची भीती नव्हती हो. पुन्हा मागे बसले आणि पुन्हा तुमचं पद गळलेलं ऐकू आलं, तर काय करायचं याची भीती होती. न बसलं की ऐकायला नको. म्हणून मी गादी काढून ठेवली."

गुरूंनी हँडल घट्ट धरलं होतं. इतके दिवस आपण पाण्याचे थेंब मोजत बसलो, आणि ही बाई एवढं ओझं एकटीनं घेऊन परवल चिरत होती. त्यांना बायकोची दया आली, स्वतःची भीती वाटली, आणि दोन्ही इतकं एकदम आलं की त्यांना खाली बघावं लागलं. "कुठलं पद ते?" त्यांनी विचारलं. "मला तर काही गळल्याचं आठवत नाही."

"ते मी नाही सांगणार. सायकल फिरवा. मैदागिनपासून सुरू करा आणि म्हणा."

"आणि पुन्हा गळलं तर?"

"मी आहे ना मागे."

सायकल मागे फिरली. मैदागिनहून गुरूंनी ओम् म्हटलं आणि पाठ धरला. शब्द फिरले की पाय फिरायचे, पण आता ते खाडकन दाबत नव्हते, पेडलवर नुसता भार टाकत होते. सायकल जरा मंद व्हायची, पुन्हा निघायची, पुन्हा मंद व्हायची. पाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं. लीलाबाईंचं डोकं पाठीला टेकलं. चौकातली दुकानं फळ्या लावून झोपलेली होती. एका ओट्यावर एक सांड डोळे मिटून रवंथ करत होता. हॉर्न कुठे गेले, खड्डे कुठे गेले, काही कळलं नाही. गुरूंचे डोळे उघडे होते आणि ते बघत काही नव्हते. सडक पुन्हा खालून वाहायला लागली होती.

चौक मागे पडला. बांसफाटकाचं तोंड आलं. गुरूंचा आवाज भरलेला होता, स्वर चढत होता, पद आलं, आणि गुरू त्यावरून सरळ पुढे निघाले. त्यांना काहीच कळलं नाही. पाय पुढेच चालले होते. सायकलनं वेग धरला.

तेवढ्यात पाठीमागून, अगदी त्यांच्या पाठीला लागून, एक बारीक आवाज आला. चाळीस वर्षांत त्या आवाजानं वेदाचं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. त्यानं ते गळलेले शब्द उलट्या क्रमानं म्हटले, जागच्या जागी, अगदी गुरू म्हणतात त्याच स्वरात.

गुरूंचे पाय आपोआप मागे फिरले. सायकल मंद झाली. शब्द त्यांनी तिच्याकडून घेतले आणि पुन्हा म्हटले. लीलाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली, आणि मग सायकल उताराला लागली.